खाज कुठे आहे ते आधी सांगा

त्वचेबद्दलचे प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं आणि जी पत्रं आली त्यातल्या कितीतरी पत्रांत एकच ओळ, "डॉक्टर, इसबावर चांगलंसं मलम सांगा." बास. कुठे झालाय, कधीपासून, वय काय, दिवसभर हात कशात असतात, काहीच नाही. आता पंचाईत अशी आहे की इसब किंवा एक्झिमा हे एका आजाराचं नावच नाहीये, ते अख्ख्या खानदानाचं आडनाव आहे आणि त्यातल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एक्झिमा शब्द मूळचा ग्रीक, त्याचा अर्थ उकळून वर येणं, म्हणजे दूध उतू जातं ना तशी त्वचा उतू जाते, खाज, लाली, बारीक फोड, लस, मग खपली आणि शेवटी जाड खरखरीत कातडी, हे सगळ्यांच्यात थोड्याफार फरकाने तसंच दिसतं. पण गॅस कुणी मोठा केला ते मात्र दर वेळी वेगळं असतं. म्हणून ज्यांनी जागा आणि हकीकत लिहिली त्यांची पत्रं आधी घेतलीयेत.

प्रश्न: माझं बाळ ७ महिन्यांचं आहे. तिसऱ्या महिन्यापासून दोन्ही गाल लालभडक, खरखरीत, कधीकधी पाणी सुटतं. रात्रभर उशीवर तोंड घासत असते. घरातले सगळे म्हणतात तुझ्या खाण्यामुळे होतंय, म्हणून मी दूध, अंडी, शेंगदाणे सगळं सोडलंय पण फरक शून्य. माझं नक्की काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाहीये, हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. आणि कुठल्या डॉक्टरांनी तपासून बंद करायला सांगितलं नसेल तर दूध-अंडी पुन्हा सुरू करा, अंगावर पाजणारी बाई उपाशी राहून बाळाचे गाल बरे होत नाहीत.

वर्णनावरून हा अ‍ॅटोपिक एक्झिमा वाटतो, लहान मुलांत सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, बहुतेकांना पाच वर्षांच्या आतच सुरू होतो. याची एक खूण अशी की वयाप्रमाणे तो जागा बदलतो. तान्ह्या बाळात गाल, कपाळ, हातापायांची बाहेरची बाजू, आणि लंगोटाची जागा मात्र बहुतेक वेळा स्वच्छ (तिथे ओलावा असतो ना). रांगायचं वय सरलं की तो कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत जाऊन बसतो, मनगट, घोटे, मान. मोठेपणी हात आणि पापण्या.

कारण काय, तर मुळात भिंतच कच्ची. त्वचेचा वरचा थर म्हणजे पेशींच्या विटा आणि मधे चरबीचा गिलावा असं समजा. फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन या विटा घट्ट ठेवतं आणि त्यातूनच त्वचेचा नैसर्गिक ओलावा तयार होतो. २००६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की या प्रोटीनच्या जीनमध्ये बिघाड असेल तर अ‍ॅटोपिक एक्झिमाचा धोका बराच वाढतो. सगळ्याच रुग्णांत हा बिघाड सापडत नाही, पण भिंत गळकी असणं सगळ्यांत असतं. मग आतलं पाणी बाहेर जातं, बाहेरचं सगळं आत येतं, साबण, धूळ, घाम, लोकरीचे धागे, जंतू, आणि आतली रोगप्रतिकारक यंत्रणा जरा तापट असली की ती प्रत्येक पाहुण्यावर भुंकते. म्हणूनच याच घरात कुणाला तरी दमा असतो नाहीतर सकाळी उठल्या उठल्या वीस शिंका. तुमच्या घरी आठवून बघा, खाण्यावर बोट दाखवणाऱ्यांपैकीच कुणाला तरी असेल!

खाण्याचा संबंध अजिबात नसतो असं नाही. जोरदार एक्झिमा असलेल्या काही बाळांना खरी फूड अ‍ॅलर्जी पण असते. पण ती ओळखू येते, पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत किंवा फार तर दोनेक तासांत अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ सुजणं, उलट्या. असं झालं तर जरूर तपासा. नुसते गाल लाल आहेत म्हणून एकेक पदार्थ बाद करत गेलात तर बाळाचं वजन कमी होईल, इसब आहे तिथेच राहील.

करायचं काय? कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ, साबणाऐवजी बिनवासाचं सौम्य क्लेन्झर, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग दमट असतानाच बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर, सढळ हाताने. पातळ लोशन दिसायला छान पण काम कमी करतं, साधी पेट्रोलियम जेली सुद्धा चालते. दिवसातून दोनदा तरी, आणि त्वचा छान दिसत असेल त्या दिवशी पण! इथेच सगळे चुकतात, बरं वाटलं की डबा कपाटात. गाल लाल आहेत तेवढे दिवस डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टिरॉइड मलम लागेल, त्याबद्दल पुढे लिहिलंय. नखं बारीक कापा. बरीच मुलं मोठी होता होता यातून सुटतात, सगळी नाही.

एक गोष्ट मात्र फ्रीजवर चिकटवून ठेवा. अचानक एकसारखे दिसणारे, टोचा मारल्यासारखे खोलगट बारीक फोड भराभर पसरले, दुखायला लागले, ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. हर्पीसचा व्हायरस इसबावर पसरला की असं होतं, आणि ती इमर्जन्सी आहे. घरात कुणाच्या ओठावर हर्पीसचे फोड उठले असतील तर त्यांनी बाळाचे मुके घ्यायचे नाहीत, कितीही प्रेम असलं तरी.

प्रश्न: इसब एकमेकांना लागतो का? शाळेत मुलीच्या शेजारी कुणी बसत नाही.

नाही. कुठलाच प्रकार लागत नाही. शाळेला तसं डॉक्टरांचं पत्र न्या.

प्रश्न: बारा वर्षं एकच हेअर डाय वापरतोय, कधी काही झालं नाही. यावेळी लावल्यावर दोन दिवसांनी पापण्या सुजून डोळे उघडेनात, कानामागे पाणी सुटलं. डोक्याला मात्र काहीच नाही. इतकी वर्षं चाललं मग आत्ताच अ‍ॅलर्जी कशी? दुकानदार म्हणतो माल तोच आहे.

दुकानदार खरं बोलत असणार, माल तोच आहे, तुम्ही बदललात. अ‍ॅलर्जीचं असंच असतं, शरीर आधी एखादी वस्तू ओळखायला शिकतं आणि हा अभ्यासक्रम कधी दोन आठवड्यांत संपतो कधी वीस वर्षं चालतो. एकदा ओळख पटली की मग मात्र विसरत नाही. तुमच्याकडे संशयित बहुतेक पॅरा-फिनिलीन-डायअमाइन, काळ्या डायमध्ये असतं ते, बोलताना पीपीडी म्हणतात. "दोन दिवसांनी" हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे, कारण ही अ‍ॅलर्जी पित्तासारखी लगेच उठत नाही, एक ते तीन दिवस घेते, तोपर्यंत माणूस डाय विसरलेला असतो आणि कालच्या जेवणाला दोष देतो. डोक्याची कातडी जाड, पापणीची अंगात सगळ्यात पातळ, म्हणून लावलं डोक्याला आणि सुजले डोळे. नेलपॉलिशने पण कधीकधी नखं ठणठणीत आणि पापण्या लाल होतात, हात सारखा तोंडाला लागतो ना.

याला अ‍ॅलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात आणि खरं सांगू का, हा माझा सगळ्यात आवडता प्रकार आहे कारण यात चोर पकडता येतो. चट्ट्याचा आकार आणि जागा बघायची. बेंबीखाली रुपयाएवढा चट्टा असला तर जीन्सचं बटण किंवा बेल्टचं बकल, म्हणजे निकेल. कानाची पाळी, मनगटावर घड्याळाच्या मागच्या बाजूएवढा गोल, तिथेही निकेलच. पावलाच्या वरच्या बाजूला चपलेच्या पट्ट्याचा नकाशा उमटला असेल तर चामडं कमवायला वापरलेलं क्रोमियम नाहीतर रबरातली केमिकल्स. सिमेंटमध्ये काम करणाऱ्यांच्या हाताला पण तेच क्रोमियम. परफ्यूम, ओल्या वाइप्समधली प्रिझर्व्हेटिव्ह्ज... आणि गंमत म्हणजे जखमेवर लावायच्या काही मलमांतलं निओमायसिन, म्हणजे जखम बरी होईना म्हणून माणूस आणखी मलम लावतो आणि आणखी चिघळते.

पक्कं करायला पॅच टेस्ट करतात. पाठीवर संशयितांच्या छोट्या छोट्या टिकल्या चिकटवायच्या, ४८ तास ठेवायच्या, काढून बघायचं आणि मग पुन्हा एकदोन दिवसांनी बघायचं. पाठ भिजवायची नाही. सुई टोचून पंधरा-वीस मिनिटांत रिझल्ट देतात ती टेस्ट वेगळी, आणि रक्तातली अ‍ॅलर्जीची लांबलचक यादी पण या कामाची नाही, त्यावर पैसे घालवू नका. तोपर्यंत डाय बंद. "नॅचरल" लिहिलेला काळा डाय पण बंद, कारण पटकन काळाभोर रंग देणाऱ्या बऱ्याच "नॅचरल" मिश्रणांत हेच पीपीडी गुपचूप घातलेलं असतं.

प्रश्न: मी नर्स आहे. दिवसात चाळीसेक वेळा हात धुते. बोटांच्या पेरांवर भेगा, अंगठीखाली कायम लाल. शिवाय मधूनमधून बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे बारीक पाणीदार फोड येतात, प्रचंड खाज, मग आठदहा दिवसांनी कातडी सोलते. हे एकच आहे की दोन वेगळे आजार?

तुमचं पत्र वाचून माझे ट्रेनिंगचे दिवस आठवले, माझे पण हात असेच होते आणि मी स्वतः स्किनची डॉक्टर होत असून वर्षभर "थंडीमुळे असेल" म्हणत काढलं. असो.

पेरांच्या भेगा म्हणजे इरिटंट प्रकार, यात अ‍ॅलर्जी वगैरे काही नाही, नुसती झीज. साबण मळ आणि गिलावा यांत फरक करत नाही, दोन्ही धुऊन नेतो. रोज दोन तासांहून जास्त हात ओले किंवा वीसहून जास्त वेळा धुणं होत असेल तर ते ओल्या कामात मोडतं आणि पुढेमागे कुणाचीही त्वचा हार मानते, स्वयंपाकी, केस कापणारे, साफसफाईवाले, तान्ह्या बाळाच्या आया सुद्धा. संपर्काने होणाऱ्या इसबात अ‍ॅलर्जीपेक्षा हा प्रकारच कितीतरी जास्त. अंगठीखाली साबण अडकून राहतो, म्हणून लाल. कामावर जाताना अंगठी घरी ठेवा.

आता तुम्हाला पटणार नाही अशी गोष्ट, हात डोळ्यांना दिसेल असे मळलेले नसतील आणि वॉर्डचे नियम परवानगी देत असतील तर साबणापेक्षा ग्लिसरीन असलेलं अल्कोहोल रब त्वचेला बरं. भेगांवर झोंबतं म्हणून सगळे समजतात की तेच वाईट, झोंबणं वेगळं आणि नुकसान वेगळं. धुतल्यावर दर वेळी क्रीम, रात्री जाड थर लावून वर सुती हातमोजे. रबरी ग्लोव्ह्ज घातल्यावर खाज वाढते का ते बघा, वाढत असेल तर रबराची अ‍ॅलर्जी पण असू शकते आणि मग पॅच टेस्ट.

साबुदाणे म्हणजे पॉम्फोलिक्स, किंवा डिसहायड्रोटिक एक्झिमा. नावात घाम आहे पण घामाच्या ग्रंथींचा दोष नाही, जुन्या डॉक्टरांचा गैरसमज नावात राहून गेलाय एवढंच. उकाडा, ताण, हातांची ओल, काहींच्यात निकेल, यांनी तो उसळतो. फोडू नका. आणि एकदा पायांच्या बोटांच्या बेचकीत बघा, तिथे बुरशी झाली असेल तर हातावर नुसते तिचे पडसाद उमटतात, हाताला काहीही लावलं तरी जात नाही, पाय बरे केले की हात बरे. तेव्हा उत्तर असं की आजार दोन, पण एकाच घरात राहतात आणि एकमेकांना मदत करतात.

प्रश्न: भुवयांत, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि दाढीत पिवळट चिकट पापुद्रे. डोक्यात कोंडा. मॉइश्चरायझर लावून थकलो.

सेबोऱ्हिक डर्मटायटिस. चेहऱ्यावरच्या तेलकट जागा निवडतो. मॅलॅसेझिया नावाची एक यीस्ट प्रत्येकाच्या त्वचेवर असते, तेलावर जगते, काहींच्या त्वचेला तिने मागे टाकलेला कचरा सोसत नाही इतकंच. म्हणजे हा कोरडेपणा नाहीच, त्यामुळे कोंड्यावर तेल थापणं म्हणजे त्या यीस्टला जेवण वाढणं. किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस करून तीन ते पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा, दाढी-भुवयांना पण तोच फेस चालतो, डोळे सांभाळून. तीनचार आठवड्यांत आटोक्यात येईल, मग आठपंधरा दिवसांतून एकदा चालू ठेवा कारण तो परत येतो, जागरणं आणि टेन्शन असलं की हमखास. तान्ह्या बाळांच्या टाळूवर पिवळी खपली धरते ती याचीच धाकटी बहीण, ती आपोआप जाते.

प्रश्न: मांडीवर गोल चट्टा होता, मेडिकलवाल्याने एक मलम दिलं, चार दिवसांत खाज गायब. बंद केलं की परत. असं सहा महिने चाललंय आणि आता चट्टे कंबरेपर्यंत पोचलेत. हा कुठला इसब?

हा बहुतेक इसबच नाही. गजकर्ण आहे, म्हणजे बुरशी, आणि ती तुम्ही सहा महिने खाऊपिऊ घातलीत. त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा, तीनचार औषधांची भेळ असेल आणि त्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं काहीतरी असेल. ते कडक स्टिरॉइड. ते खाज आणि लाली दाबतं म्हणून चार दिवस स्वर्ग वाटतो, पण त्याच वेळी त्वचेचे पहारेकरीही झोपवतं, मग बुरशीला रान मोकळं. वर चट्ट्याचं रूपही असं बदलतं की नंतर आम्हालासुद्धा पटकन ओळखू येत नाही.

ओळखायची खूण: गजकर्णात कड उठलेली, लाल, खवलेदार आणि मधला भाग बरा होत चाललेला, रिंगण बाहेर बाहेर सरकतं, आणि ते घरात दुसऱ्याला लागतं. नाण्यासारखा गोल इसब पण असतो, डिस्कॉइड म्हणतात, तो जास्त करून पायांवर, त्यात चट्टा कडेपासून मधापर्यंत सारखाच भरलेला, लस येणारा, खपलीचा. शंका असेल तर कडेचे खवले खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, पाच-दहा मिनिटांचं काम, ती तपासणी मागून घ्या. ते मलम आता थांबवा, पहिले काही दिवस खाज उसळेल, पण दुकानात जाऊ नका, डॉक्टरकडे जा, एवढं पसरल्यावर बहुतेक पोटातून गोळ्या लागतील.

आणि घरात सगळ्यांनाच खाज, रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ असेल तर ते इसबही नाही आणि गजकर्णही नाही, ती खरूज, सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं.

प्रश्न: सासऱ्यांचं वय ७४. दोन्ही पाय घोट्यांच्या वर काळपट तपकिरी, संध्याकाळी सूज, प्रचंड खाज, आता आतल्या बाजूला पाणी सुटतंय. दोनदा इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स झाला, उपयोग नाही.

यात त्वचेचा दोष सगळ्यात कमी, दोष शिरांच्या झडपांचा. पायातलं रक्त वर चढवायचं तर मधे मधे झडपा लागतात, त्या सैल झाल्या की रक्त खाली साचतं, सूज येते, तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांच्यातल्या लोहाचे डाग कातडीत बसतात, तो तुम्हाला दिसणारा तपकिरी रंग. त्यावर उठतो तो स्टेसिस एक्झिमा. पायाचं इन्फेक्शन सहसा एकाच पायाला होतं, पाय गरम, दुखरा, सोबत ताप. दोन्ही पायांना एकदम, महिनोन्‌महिने आणि दुखण्यापेक्षा खाज जास्त असेल तर आधी शिरांचा विचार करायचा. मलम लागेल पण खरं औषध म्हणजे दाब देणारे मोजे आणि पाय छातीच्या वर उचलून ठेवणं. मोजे परस्पर आणू नका, आधी पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा ठीक आहे ना ते तपासून घ्या, तो कमी असताना घट्ट मोजे घातले तर नुकसान होतं. दुर्लक्ष झालं तर तिथेच जखम होते आणि ती भरता भरत नाही.

नडगीवर नुसत्या कोरड्या, भेगाळलेल्या, सुकलेल्या तळ्यासारख्या रेघा असतील तर ते मात्र वयाचं आणि कोरड्या हवेचं काम, त्याला कडकडीत पाण्याची अंघोळ बंद आणि घट्ट मॉइश्चरायझर बास.

प्रश्न: डॉक्टरांनी स्टिरॉइड मलम दिलंय. नेटवर वाचून घाबरलो, दिवसाआड मटारएवढं लावतो. चूक आहे का?

हो. वरच्या गजकर्णवाल्यांनी नको तिथे भरपूर लावलं, तुम्ही हवं तिथे पुरेसं लावत नाही, आणि दोघांचंही सहा महिन्यांनी माझ्याकडेच येणं होतं. त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन नावाचं स्टिरॉइड १९५२ पासून वापरात आहे, इतक्या वर्षांत त्याची खोड काय आणि उपयोग काय ते चांगलं माहीत झालंय. ताकद बघायची, जागा बघायची, दिवस मोजायचे. चेहरा, पापण्या, काखा, जांघा इथे सौम्य आणि थोडेच दिवस. तळहात-तळपायाला कडक चालतं. कडक मलम महिनोन्‌महिने ओढलं तर कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, ते खरंच आहे.

माप सोपं आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जी रेघ येते ती साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. दिवसातून एकदा किंवा दोनदा, जसं सांगितलंय तसं, खरखर जाईपर्यंत. त्यानंतर राहणारा फिका किंवा काळसर डाग म्हणजे इसब नाही, त्यावर स्टिरॉइड चोळत बसू नका, तो सावकाश जातो. नाजूक जागी वारंवार लागत असेल तर टॅक्रोलिमससारखी बिनस्टिरॉइडची मलमं आहेत, सुरुवातीला जळजळतात. मोठ्या, न आवरणाऱ्या अ‍ॅटोपिक एक्झिमासाठी २०१७ पासून ड्युपिलुमॅबची इंजेक्शनं पण मिळायला लागली, ती खाजेचे आतले निरोपच अडवतात, पण मटारएवढं मलम लावून बरं वाटत नाही म्हणून कुणी तिथे उडी मारायची नसते.

प्रश्न: नवरा ऑफिसच्या कामात गुंतला की मानेची मागची बाजू खाजवत बसतो. तिथली कातडी आता हत्तीच्या पाठीसारखी झालीये. झोपेत पण खाजवतो, मी हात झटकते, मग भांडण.

हा न्यूरोडर्मटायटिस. सुरुवात कशाने झाली ते आता महत्त्वाचं नाही, डास असेल, कॉलर असेल. खाजवलं की कातडी जाड होते, जाड कातडी जास्त खाजते, मग पुन्हा खाजवणं, चाक फिरत राहतं. त्याला "खाजवू नकोस" म्हणून उपयोग नाही, हाताला दुसरं काम द्या. खाज आली की मुठीत बर्फाची पिशवी धरून तिथे दाबायची, रात्री डॉक्टरांनी दिलेलं मलम लावून वर पट्टी चिकटवायची म्हणजे नख पोचतच नाही. दीडदोन महिने लागतात. आणि हात झटकू नका हो, झोपेत त्याला खरंच कळत नसतं.